रोलचा धंदा आणि गिऱ्हाइकाची सेहत

देवळा, सटाणा, कळवण, मालेगाव या आपल्या पट्ट्यात संध्याकाळ झाली की रस्त्याच्या कडेला तवे तापू लागतात. पराठ्यात चिकन, खिमा, अंडे किंवा बटाटा गुंडाळून हातात द्यायचा, असा हा धंदा. कोणी त्याला रोल म्हणतो, कोणी फ्रँकी, कोणी शोरमा. भांडवल थोडे लागते. एक गाडी, एक तवा, एक शेगडी आणि दोन मेहनती हात असले की रोजी सुरू होते. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण या धंद्यात उतरले आहेत, आणि त्यात वावगे काहीच नाही.

परंतु व्यापाराच्या पानावर या मालाचा हिशोब एकदा मांडलाच पाहिजे. कारण रोल आता चवीसाठी खाण्याची चीज राहिलेली नाही. मालेगावला यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारा कारागीर, देवळ्याच्या बाजारात दिवसभर उभा राहणारा फेरीवाला, उमराण्याच्या मार्केटला कांद्याची गाडी घेऊन आलेला चालक, यांच्यापैकी अनेकांचे रात्रीचे जेवण म्हणजे हाच एक रोल आणि वर एक कट चहा. जी चीज जेवण म्हणून विकली जाते तिची पारख जेवण म्हणूनच व्हायला हवी.

हे लिहिणारा कापडाचा व्यापारी आहे, डॉक्टर नाही. पण मालाची पारख कशी करावी हे आमच्या धंद्याने शिकवले आहे. वरची छपाई कितीही भडक असो, जाणकार गिऱ्हाईक आधी सूत पाहतो. रोलचेही तसेच आहे. त्याची छपाई म्हणजे सॉस आणि मसाला. त्याचे सूत म्हणजे पीठ, तेल आणि सारण. या तिन्हींकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. लोक दोष देतात तो मांसाला, पण खरा बोजा असतो तो पराठ्याचा, त्यात मुरलेल्या तेलाचा आणि वर ओतलेल्या मेयोनेजचा. आणि हा बोजा थोड्या पैशांत कमी करता येतो.

रोल आला कुठून

कोलकात्याचे निजाम हे हॉटेल १९३२ पासूनचे मानले जाते. तिथे कबाब पराठ्यात गुंडाळून देण्याची रीत पडली. पुढे लोखंडी सळ्यांऐवजी बांबूच्या काड्यांवर कबाब भाजू लागले आणि त्या काठीवरून काठी रोल हे नाव रूढ झाले. काठी हा शब्द आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. मुंबईत अमरजितसिंग टिब्ब यांनी १९६९ मध्ये फ्रँकी आणली. बैरूतला खाल्लेल्या गुंडाळलेल्या रोटीवरून त्यांना ही कल्पना सुचली आणि वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल यांच्यावरून त्यांनी नाव ठेवले. शोरमा हा तुर्कस्तान आणि शाम मुलखाकडचा माल. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या लोकांबरोबर तो आपल्याकडे आला.

आपल्या भागातही गुंडाळून खाण्याची रीत जुनीच आहे. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या फडक्यात बाजरीची भाकरी, तिच्यावर ठेचा आणि सोबत फोडलेला कांदा असे. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि कोरड्यास त्यात धरून खायचे, ताट-वाटी काही लागत नसे. रोलची चाल तीच आहे. फरक एवढाच की बाजरीच्या जागी मैदा आला आणि ठेच्याच्या जागी पांढरा सॉस आला. या दोन बदलांतच सगळा घोटाळा आहे.

एका रोलचा जमाखर्च

आता वही उघडू. खाण्यातून शरीराला जी शक्ती मिळते ती कॅलरीत मोजतात. एक ग्रॅम पीठ-साखरेतून साधारण ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिनांतून ४ आणि एक ग्रॅम तेल-तुपातून ९ कॅलरी मिळतात. म्हणजे तेल हा दुपटीहून भारी माल आहे. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा हिशोब कोणालाही करता येतो.

गाडीवरच्या एका मध्यम चिकन रोलमध्ये समजा पुढीलप्रमाणे माल जातो.

मैदा ७० ग्रॅम: २४५ कॅलरी.
कणकेत आणि तव्यावर मिळून तेल किंवा डालडा २० ग्रॅम: १८० कॅलरी.
शिजलेले बिनहाडाचे चिकन ६० ग्रॅम: १०० कॅलरी.
मेयोनेज एक मोठा चमचा, १५ ग्रॅम: १०० कॅलरी.
केचप आणि चिमूटभर कांदा: २० कॅलरी.
एकूण ६४५ कॅलरी.

बेरीज नीट पाहा. ज्या चिकनच्या नावावर रोल विकला जातो त्याच्या वाट्याला फक्त १०० कॅलरी आल्या. मैदा, तेल आणि मेयोनेज मिळून ५२५, म्हणजे शंभरातले ऐंशी. प्रथिने २५ ग्रॅमच्या आसपास मिळाली, ती चांगली आहेत, आणि त्यातली १८ ग्रॅम चिकनने दिली. पण चोथा, म्हणजे धान्याचा आणि भाजीचा तंतुमय भाग, जेमतेम २ ग्रॅम. दिवसाला माणसाला तो ३० ग्रॅमच्या आसपास लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० कॅलरी लागतात आणि मध्यम मेहनत करणाऱ्याला सुमारे २,७१०. आता गादीवर बसणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्याने रात्री दुकान वाढवून दोन रोल आणि एक थंडा घेतला तर १,४०० कॅलरी झाल्या. दिवसभराच्या गरजेचे दोन हिस्से एका बैठकीत संपले, आणि सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण तर आधीच झालेले असते.

मागावरच्या कारागिराची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला शक्तीची गरज जास्त आहे, त्याला कमी खा म्हणणे योग्य नव्हे. त्याचे नुकसान दुसऱ्या बाजूने होते. मैदा लवकर पचतो, रक्तातली साखर झपाट्याने वर जाते आणि तितक्याच झपाट्याने खाली येते. पोट भरल्यासारखे वाटते, पण पाळी संपायच्या आत पुन्हा भूक लागते. मग चहा-खारी, मग तंबाखू. पैसे जातात आणि अंगाला काही लागत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे आणि प्रौढांपैकी शंभरात पस्तीसहून अधिक लोकांना रक्तदाब असल्याचे दिसून आले. म्हणजे गाडीसमोर उभ्या असलेल्या दर तीन मोठ्या माणसांपैकी एक रक्तदाबाचा असू शकतो. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसेल.

मैदा बदलायचा कसा

रोलवाले मैदा वापरतात त्याला कारण आहे. मैद्यात गव्हाचा चिकट भाग, ज्याला ग्लुटेन म्हणतात, तो चांगला ताणला जातो. पराठा पातळ लाटता येतो, दुमडता येतो, फाटत नाही. कापडाच्या भाषेत सांगायचे तर मैदा म्हणजे लांब धाग्याचे सूत. गव्हाच्या पूर्ण आट्यात कोंडा असतो आणि तो कोंडा या ताणाला मध्येच कापतो, म्हणून आट्याचा रोल लवकर चिरतो अशी तक्रार असते.

पण त्या कोंड्यातच मोल आहे. १०० ग्रॅम मैद्यात चोथा असतो २.७ ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच पूर्ण आट्यात तो ११ ग्रॅमहून अधिक असतो. प्रथिने दोन्हींत जवळपास सारखी, १० ग्रॅमच्या वर. बाजरीतही चोथा ११ ग्रॅमच्या पुढे असून १०० ग्रॅममागे ६ मिलिग्रॅमच्या वर लोह मिळते. बाजरी तर आपल्या मातीतली. तिला शोधायला मुंबईला जायला नको.

फाटण्यावर उपाय आहेत. एक, एकदम सगळा मैदा काढू नये. पहिल्या आठवड्यात निम्मा आटा आणि निम्मा मैदा घ्यावा. हात बसला की तीन हिस्से आटा आणि एक हिस्सा मैदा करावा, आणि मग मैदा सोडून द्यावा. दोन, आटा कोमट पाण्याने, थोडा सैलसर मळावा, त्यात किलोमागे एक वाटी दही घालावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा. कोंडा पाणी पितो, मऊ होतो आणि मग तो धागा कापत नाही. तीन, रोटी अर्धी भाजून कापडात दाबून ठेवावी. स्वतःच्याच वाफेने ती नरम राहते. गिऱ्हाईक आले की तव्यावर पुन्हा टाकून गरम करावी.

बाजरी घालायची असेल तर पाच हिश्श्यांत एकच हिस्सा घालावी, जास्त नको. बाजरीत ग्लुटेन नसते, जास्त झाली की रोल हातात तुटतो. शिवाय बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू पडते, तेव्हा ते चार दिवसांपुरतेच दळून आणावे. आटाही चक्कीवरून दळून घ्यावा आणि बारीक चाळणीने कोंडा काढून टाकू नये. नाही तर पैसे आट्याचे जातील आणि माल मैद्याचा राहील.

तेल आणि डालडा

रोलमध्ये तेल तीन वाटांनी शिरते. कणकेतले मोहन, तव्यावर सोडलेली धार आणि सारणाच्या फोडणीतला तवंग. गिऱ्हाइकाला चकाकी दिसावी म्हणून शेवटी आणखी एक चमचा वरून सोडला जातो. त्या एका मोठ्या चमच्याने सव्वाशे कॅलरी वाढतात आणि चव काही वाढत नाही.

डालडा किंवा वनस्पती तुपाबद्दल जुनी भीती होती ती ट्रान्स फॅट या घातक चरबीची. ही चरबी हृदयाच्या नळ्या खराब करते. सरकारने १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात तिची मर्यादा १०० ग्रॅम चरबीमागे २ ग्रॅमवर आणली आहे. पुडीबंद, नामांकित माल घेतला तर ही भीती पुष्कळ कमी झाली. सुट्या डब्यातल्या, नाव-गाव नसलेल्या मालाची मात्र खात्री कोण देणार? शिवाय वनस्पती आणि पाम तेल यांत घट्ट होणारी संपृक्त चरबी भरपूर असते. पाम तेलात ती जवळपास निम्मी आहे. त्यापेक्षा शेंगदाण्याचे किंवा मोहरीचे तेल बरे, आणि तेही मोजून.

मोजून म्हणजे कसे? तेलाच्या बाटलीला बारीक भोकाचे झाकण लावावे किंवा तव्याला स्वच्छ सुती कापडाच्या बोळ्याने तेल पुसावे. धार सोडणे बंद झाले की २० ग्रॅमचे काम ७ ग्रॅमवर येते.

तळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. काही ठिकाणी सारणातले चिकन आधी कढईत तळून घेतात आणि तेच तेल दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा चढवतात. तेल पुन्हा पुन्हा तापले की त्यात अपायकारक घटक साठत जातात. कायद्याने १ जुलै २०१८ पासून त्यांची हद्द २५ टक्के ठरवली आहे. गाडीवर यंत्राने मोजणे शक्य नाही, पण डोळ्यांना आणि नाकाला कळते. तेल काळवंडले, चिकट झाले, लवकर धूर देऊ लागले, फेस धरून बसले की ते संपले असे समजावे. नवे तेल ओतून जुने झाकू नये. जुन्या सुतात नवे सूत मिसळले तर थान नवे होत नाही.

सारण कसे असावे

चिकनमध्ये चूक नाही, उलट ती रोलची कमाई आहे. कातडी काढलेले चिकन, दही-आले-लसणात मुरवून, सळईवर किंवा कोरड्या तव्यावर भाजले तर तेल फार लागतच नाही. खिमा घेताना चरबी बघून घ्यावी. सीख मऊ राहावी म्हणून चरबी घालण्याची रीत आहे, पण ती रीत सणासुदीची. रोजच्या धंद्यात थोडी भाजलेली चणाडाळ वाटून घातली तरी सीख बांधली जाते, मऊ राहते आणि मांसाची बचत होते. गिऱ्हाइकाने विचारले तर डाळ आहे हे खुलेपणाने सांगावे. शामी कबाबात डाळ असतेच, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

अंडा रोल हा गरिबाचा उत्तम खुराक आहे. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने आणि सत्तर-पंचाहत्तर कॅलरी. दोन अंड्यांचा रोल चिकनच्या रोलला सहज टक्कर देतो आणि स्वस्त पडतो.

खरी अडचण शाकाहारी रोलची आहे. मैद्यात बटाटा म्हणजे पिठात पीठ. प्रथिने नावापुरती. त्याऐवजी मोड आलेली मटकी किंवा मूग वाफवून, उकडलेले काबुली चणे ठेचून किंवा सोयाबीनच्या वड्या भिजवून-पिळून, मसाल्यात परतून घालाव्यात. २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १२-१३ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे दोन अंड्यांएवढी. बटाटा ठेवायचाच असेल तर निम्मा ठेवावा.

आता भाजी. आज गाडीवर कांदा म्हणजे चिमूटभर शोभा असते. देवळा तालुक्यात राहून कांद्याची कंजुषी करावी हे काही शोभत नाही. एका रोलमध्ये मूठभर, म्हणजे ६० ग्रॅम तरी कांदा, कोबी, काकडी, गाजर मिळून असावे. कांद्याचा भाव चढला तर कोबी वाढवावी, कोबी महागली तर काकडी. यातून चोथा मिळतो, रोल भरलेला दिसतो आणि पोट खरोखर भरते. वरून लिंबू पिळायला विसरू नये. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यातले लोह अंगी लागते. याउलट जेवणाबरोबरचा कडक चहा तेच लोह अडवतो, म्हणून चहा तासाभराने घ्यावा. ही गोष्ट पार्सल घरी नेणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५७ स्त्रियांत रक्त कमी असल्याचे आढळले आहे.

पांढरा सॉस, मीठ आणि रंग

मेयोनेज म्हणजे तेल आणि अंड्याचा घोटा. त्यात शंभर ग्रॅमला सातशेच्या आसपास कॅलरी असतात. बिनअंड्याच्या मेयोनेजमध्येही मुख्य माल तेलच. कच्च्या अंड्याचे मेयोनेज उन्हाळ्यात उघडे राहिले तर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. याच कारणाने केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी बंदी घातली. आपण बंदीची वाट का पाहावी? दह्याचा चक्का, पुदिना, हिरवी मिरची, लसूण आणि थोडे जिरे एकत्र वाटले की पांढरी-हिरवी घट्ट चटणी होते. मोठ्या दोन चमच्यांत २० कॅलरी. रोल भिजत नाही आणि चव मेयोनेजहून तेज. फक्त ती रोज ताजी करावी आणि बर्फाच्या पेटीत ठेवावी.

मिठाचा हिशोब कोणी करत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात माणसाने ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत मीठ खावे. किलो पिठात २० ग्रॅम मीठ घातले तर एका पराठ्यात १.४ ग्रॅम गेले. सारणात १ ग्रॅम धरा, सॉसमध्ये अर्धा ग्रॅम, वरून चाट मसाला वेगळा. एका रोलमध्ये ३ ग्रॅम झाले. उपाय सोपा आहे. पिठातले मीठ निम्मे करावे. सारण आणि चटणी चटपटीत असली की पराठ्यातले मीठ कमी झाल्याचे जिभेला कळतही नाही. चाट मसाल्याऐवजी लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वापरावी.

रंगाबद्दल मात्र कापडवाल्याने बोललेच पाहिजे. रोडामाइन बी हा गुलाबी रंग कापड आणि कागद रंगवण्याचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूत साखरेच्या कापसात, म्हणजे बुढ्ढी के बालमध्ये, तो सापडला आणि विक्रीवर बंदी आली. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये आणि जूनमध्ये कबाबांत कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. जो रंग लुंगीवर बसवण्यासाठी बनला आहे तो माणसाच्या आतड्यात जाता कामा नये. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची भिजवून वाटली की कबाबाला हवा तेवढा लाल रंग येतो आणि तिखटही होत नाही.

ताजेपणा आणि वेष्टन

चांगले पीठ, चांगले तेल वापरले आणि मांस शिळे निघाले तर सगळी मेहनत पाण्यात. मे २०२४ मध्ये मुंबईच्या मानखुर्द-ट्रॉम्बे भागात गाडीवरचा शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा एक मुलगा दगावला आणि विकणाऱ्यांना अटक झाली. एका रात्रीच्या शिळ्या मालाने एक घर उजाडते आणि दुसऱ्या घराची रोजीही बंद होते.

नियम थोडे आहेत. शोरम्याची सळई फिरते तेव्हा मांस बाहेरून भाजते, आत कच्चे राहू शकते. म्हणून कापलेले तुकडे तव्यावर वाफ येईपर्यंत परतल्याशिवाय रोलमध्ये भरू नयेत. शिजलेला माल उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात एक तासाच्या वर नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि फळी कांद्या-कोबीला लावू नये. रात्री उरलेले मांस दुसऱ्या दिवशी सळईवर चढवू नये. त्यासाठी माल अंदाजाने थोडा कमीच आणावा. संपला तर गिऱ्हाईक उद्या लवकर येईल.

रोल वर्तमानपत्रात गुंडाळून देणे २०१८ च्या वेष्टनाच्या नियमांनुसार बंद आहे. छपाईच्या शाईतले घटक गरम आणि तेलकट मालात उतरतात. वर्तमानपत्र वाचण्यासाठी असते. आमचे साप्ताहिकही त्याला अपवाद नाही. साधा पांढरा, खाद्यपदार्थांसाठीचा कागद वापरावा.

नवा हिशोब

आता बदललेल्या रोलची वही लिहू. आटा आणि बाजरी मिळून ६० ग्रॅम: २०० कॅलरी. तेल ७ ग्रॅम: ६५. चिकन तेवढेच, ६० ग्रॅम: १००. चक्क्याची चटणी: २०. भाजी ६० ग्रॅम: १५. एकूण ४०० कॅलरी. प्रथिने आधीएवढीच, २५ ग्रॅमच्या आसपास. चोथा मात्र २ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर गेला. सुमारे २४५ कॅलरींचा बोजा उतरला आणि हातातला रोल दिसायला मोठा झाला. मागावरच्या कारागिराला अशाच रोलमध्ये एक अंडे वाढवून द्यावे, म्हणजे त्याची पाळी निभेल.

धंद्याचे काय? समजा तेल किलोला १४० रुपये, मेयोनेज १५० रुपये, दही ८० रुपये आणि भाजी ३० रुपये आहे, आणि आटा मैद्यापेक्षा किलोला ५ रुपयांनी महाग आहे. तेलात १३ ग्रॅमची बचत म्हणजे पावणेदोन-दोन रुपये. मेयोनेजचे सव्वादोन रुपये वाचले. मिळून चार रुपये. खर्च वाढला तो असा: पिठामागे ३० पैसे, चटणीचे दोन रुपये, वाढीव भाजीचा दीड रुपया. मिळून पावणेचार रुपये. म्हणजे हिशोब बरोबरीत सुटतो. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ही बेरीज स्वतः करून पाहावी. चटणी वाटायला आणि भाजी कापायला दिवसाचा तासभर जास्त लागेल, तेवढी मेहनत मात्र धरली पाहिजे.

गिऱ्हाईक तोडून बदल करू नये. जुना रोल ठेवून शेजारी आट्याचा रोल सुरू करावा. पाटीवर आट्याचा रोल, कमी तेल, ताजी चटणी एवढे लिहावे. औषधी, शुगर फ्री असले मोठे दावे लिहू नयेत, कारण आट्याच्या रोलमध्येही पीठ आहे आणि मधुमेही माणसाने एकावरच थांबावे हे खरे आहे. रमजानच्या संध्याकाळी गर्दी असते तेव्हा नवा प्रयोग करण्याऐवजी महिनाभर आधी सुरुवात करावी, म्हणजे इफ्तारच्या वेळी हात बसलेला असेल. दिवसभराच्या उपाशी पोटाला तेलकट मैद्यापेक्षा हा रोल सोसेलही.

खाणाऱ्यांनीही काही गोष्टी तोंडाने मागाव्यात. भाऊ, वरचे तेल नको. मेयोनेज नको, चटणी द्या. कांदा-कोबी जास्त घाला. थंड्याऐवजी ताक किंवा साधे पाणी घ्यावे. दहा गिऱ्हाइकांनी एकच गोष्ट मागितली की अकराव्याला ती न मागता मिळते, हा बाजाराचा नियम आहे.

गाडीवर येणारे लोक परके नसतात. तोच कारागीर रोज येतो, त्याची मुले शुक्रवारी सुट्टीला येतात. आमच्या कापडाच्या धंद्यात कच्च्या रंगाचे थान एकदा खपते, पण पहिल्या धुण्यात गिऱ्हाईक कायमचे जाते. रोल विकणाऱ्याला तर हेच गिऱ्हाईक पुढची वीस वर्षे जपायचे आहे. त्यासाठी पीठ बदलावे, तेल मोजावे, चटणी ताजी वाटावी आणि भाजी मूठभर घालावी. सुरुवात उद्याच्या कणकेपासून करता येते.